खडखडीचा पत्ता

बास गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी छेडली की ती सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते. पाच तारांच्या बासवर तिच्याही खालची एक तार असते. तिची कंपनं ३१च्या आसपास. ४१ हर्ट्झच्या ध्वनिलहरीची हवेतली लांबी आठ मीटरहून जास्त भरते, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेक खोल्यांत ती लहर उभीआडवी कशीही मावत नाही. एवढा खोल स्वर दहा इंची स्पीकरमधून काढायचा तर त्याचा कागदी शंकू, ज्याला दुरुस्तीवाले आणि वाजवणारे सगळे कोनच म्हणतात, डोळ्यांना दिसेल इतका पुढेमागे हलतो. स्वर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा म्हटलं, तर कोनाला चौपट हलावं लागतं. कोनामागची कोंडलेली हवा त्याच तालात खोक्याच्या भिंती ढकलते आणि ओढते. त्या भिंतींवर हँडल, जाळी, कोपऱ्यांचे पत्रे, चाकं, जॅकची पट्टी हे सगळं स्क्रूंनी धरून ठेवलेलं असतं. यातला एक स्क्रू अर्धा वळसा सैल झाला की ऐन कार्यक्रमात एका ठरावीक स्वरावर ‘खर्रर्र’ सुरू होतं, आणि बाजूचा स्वर घेतला की बंद होतं.

इलेक्ट्रिक बासच्या जन्मापासून तिच्या कॅबिनेटची रचना एकाच पेचाभोवती फिरत आली आहे: एवढी हवा हलवायची, पण हवेखेरीज दुसरं काही हलू द्यायचं नाही. लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बास आणली आणि पुढच्या वर्षी तिच्यासाठी बासमन नावाचा ॲम्प काढला. त्यात पंधरा इंची एकच स्पीकर होता. दशकाच्या मध्यावर बासमनमध्ये दहा इंची चार स्पीकर आले, पण खोक्याची पाठ उघडी होती. दाबून वाजवला की तो फाटायचा, आणि त्या फाटण्याच्याच प्रेमात पडून गिटारवाल्यांनी तो उचलला. बासवाल्यांना हवा होता तसा दणकट तोडगा अँपेगने १९६९मध्ये दिला. ३०० वॉटचा एसव्हीटी ॲम्प, आणि त्याच्याखाली दहा इंची आठ स्पीकरांचं, चहूबाजूंनी बंद कॅबिनेट. आठ कोनांनी काम वाटून घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला थोडीच हालचाल येते. आजही वाजवणारे त्याला फ्रिज म्हणतात. दोघांनी मिळून उचलावं लागतं ते.

मुळात एवढीशी खडखड एवढी टोचते का? त्याचं कारण आपल्या कानात आहे. हार्वे फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी १९३३ साली वेगवेगळ्या उंचीच्या स्वरांना कान किती दाद देतो याचे आलेख प्रसिद्ध केले. नंतरच्या मोजमापांनी आकडे सुधारले, पण चित्र तेच राहिलं. ४० हर्ट्झचा स्वर नुसता ऐकू येण्यासाठी सुमारे ५० डेसिबलची पातळी लागते. दोन ते पाच हजार हर्ट्झच्या पट्ट्यात मात्र शून्याच्या जवळपासची पातळीही पुरते. सैल जाळी लाकडावर आपटते तेव्हा प्रत्येक आपटीतून नेमके या वरच्या पट्ट्यातले आवाज बाहेर पडतात. बासच्या मानाने त्यांची ऊर्जा नगण्य असते, पण कान त्यांच्यासाठीच तीक्ष्ण बनला आहे. म्हणून शंभर वॉटच्या दणदणाटातही एका वॉशरची किणकिण लपत नाही.

आणखी एक गोष्ट सगळ्यांना बुचकळ्यात टाकते. हळू वाजवताना कॅबिनेट निर्मळ असतं, आवाज जरा वाढवला की एकदम खडखड. ती हळूहळू वाढत येत नाही, उंबरठा ओलांडल्यासारखी येते. उंबरठा खरोखरच असतो, आणि तो गुरुत्वाकर्षणाचा असतो. कॅबिनेटच्या वरच्या फळीवर एक नाणं ठेवा. फळी खालीवर हलते तोवर नाणं तिच्याबरोबर हलतं. पण फळी खाली जाण्याचं त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या त्वरणापेक्षा जास्त झालं की नाणं मागे राहतं, फळी खालून सुटते, आणि परत येताना दोघांची टक्कर होते. ५० हर्ट्झला यासाठी फळी मधल्या जागेपासून एक दशांश मिलिमीटर हलली की पुरे. १०० हर्ट्झला त्याचा चौथा हिस्सा. २०० हर्ट्झला सहा मायक्रॉन, म्हणजे केसाच्या जाडीहून कितीतरी कमी. स्क्रूने दाबून बसवलेल्या वस्तूला वजनाच्या जोडीला स्क्रूचाही दाब असतो, म्हणून तिचा उंबरठा कितीतरी वर असतो. स्क्रू सैल पडला की तो खाली येतो, इतकंच.

मग शोधणं इतकं अवघड का जातं? कारण सैल वस्तू त्या स्वराच्याच तालावर आपटते. ४१ हर्ट्झच्या स्वरावर सेकंदाला ४१ आपट्या, आणि त्यातून निघणारे वरचे आवाज त्याच स्वराचे उपस्वर म्हणून जुळून येतात. एकाच मूळ स्वराच्या पटीतले आवाज एकत्र आले की मेंदू ते सगळे एकाच उगमाच्या नावावर टाकतो. खिडकीची काच कंपत असते, आणि ऐकणाऱ्याला वाटतं स्पीकर फाटला. वाजवणारा स्पीकर उघडतो, आतले सगळे स्क्रू आवळतो, फ्रेम वाकवतो, आणि एका दोषाचे दोन होतात. या प्रकरणात मला जे सांगायचं आहे ते एवढंच: स्पीकरचा नंबर सगळ्यात शेवटी लावा. खोलीपासून सुरुवात करा, मग खोक्याचा बाहेरचा भाग, मग आतला, आणि मग स्पीकर.

तंबोऱ्याच्या जवारीचा इथे उल्लेख करायलाच हवा. मिरजेचे कारागीर तंबोऱ्याची घोडी घासून तिला अगदी हलका उतार देतात, तार आणि घोडी यांच्यात दोऱ्याचा तुकडा सरकवतात, आणि तार त्या उतारावर पुन्हा पुन्हा टेकत-सुटत राहते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली अशा वाद्यांवर लिहिताना दाखवलं, की तार जिथे छेडली त्यामुळे जे उपस्वर उमटायलाच नकोत, तेही तंबोऱ्यात स्पष्ट ऐकू येतात. दोन पृष्ठभागांच्या तुटक स्पर्शातून वरचे उपस्वर जन्माला येतात, हे तत्त्व तंबोऱ्यात आणि सैल हँडलमध्ये एकच आहे. फरक असा, की जवारी प्रत्येक तारेवर जाणत्या हाताने सारखी लावलेली असते, आणि हँडल एकाच स्वरावर ओरडतं. जवारी लावलेल्या वाद्यांवर ज्याचा कान तयार झाला आहे, त्याला ही खरखर ओळखायला वेळ लागू नये.

तर पहिली पायरी: दोष कॅबिनेटचा आहे की नाही? ॲम्पला हेडफोनची सोय असेल तर कॅबिनेट काढून हेडफोनवर तोच स्वर वाजवा. खरखर तिथेही आली तर ती वाद्याची किंवा ॲम्पची आहे. बासची मान वाकली असेल, तार खाली बसली असेल, तर ती पडद्यांवर घासते आणि पिकअप ते इमानाने पुढे पाठवतो. पिकअपचा किंवा पुलाचा सैल स्क्रूही असाच फसवतो. काहीही न वाजवता सतत ऐकू येणारी घुंईघुंई हा वेगळाच विषय आहे. ती आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेची आणि तिच्या दुपटीची असते, तिचा इलाज अर्थिंगमध्ये आणि वायरींत शोधायचा. खडखड ही वाजवलेल्या स्वराला बांधलेली असते. स्वर थांबला की ती थांबते.

हेडफोनवर स्वच्छ ऐकू आलं तर खोली तपासायची. सरावाच्या खोल्यांत पहिला गुन्हेगार बहुधा स्नेअर ड्रम असतो, कारण त्याच्या खालच्या कातड्यावर ताणलेल्या तारा बासच्या ठरावीक स्वरांवर आपणहून झणझणतात. त्याचा खटका पाडा आणि पुन्हा वाजवा. मग सरकत्या ॲल्युमिनियमच्या खिडक्या, ट्यूबलाइटची पट्टी, एसीची झडप, लोखंडी कपाट, भिंतीवरची फ्रेम. सगळ्यात खात्रीचा उपाय म्हणजे कॅबिनेट गच्चीवर किंवा अंगणात नेऊन तोच स्वर वाजवणं. जड काम आहे, पण उघड्यावर खडखड गायब झाली तर पुढचं काहीही उघडावं लागत नाही.

आता कॅबिनेटकडे. इथे बास बाजूला ठेवायची, कारण छेडलेला स्वर लगेच विरतो आणि शोधायला वेळ मिळत नाही. मोबाइलवर शुद्ध स्वर काढणारी ॲप फुकट मिळतात. मोबाइल ॲम्पला जोडा, आवाज बोलण्याच्या पातळीइतका ठेवा, आणि ४० हर्ट्झपासून २०० हर्ट्झपर्यंत अगदी सावकाश वर जा. स्पीकरच्या कारखान्यांत प्रत्येक नग बाहेर पडण्याआधी अशीच चाल देतात. तिथे या तपासणीला ‘रब अँड बझ’ म्हणतात, आणि यंत्रं येण्याआधी खास तयार कानांची माणसं हे काम करत. खडखड सुरू झाली की थांबा. एकेक हर्ट्झ मागेपुढे करून ती सगळ्यात जोरात कुठे होते ते पाहा आणि आकडा कागदावर लिहा. सैल वस्तू, पातळ फळी, लोंबती वायर, प्रत्येकाची कंप पावण्याची स्वतःची ठरलेली वारंवारता असते, आणि तो आकडा म्हणजे तिचा पत्ता. दुरुस्तीनंतर खात्री करायलाही तोच लागतो.

दोन पथ्यं पाळायची. सलग शुद्ध स्वर स्पीकरमधल्या कॉइलला संगीतापेक्षा जास्त तापवतो, तेव्हा जोरात आणि फार वेळ वाजवायचं नाही. आणि समोर किंवा मागे पोर्ट, म्हणजे हवेसाठी मुद्दाम ठेवलेली वाट, असलेल्या कॅबिनेटात फार खाली उतरायचं नाही. पोर्टची युक्ती १९३२च्या पेटंटमध्ये बेल प्रयोगशाळेच्या ॲल्बर्ट थुरास यांनी मांडली. पोर्टमधला हवेचा दट्ट्या एका नेमून दिलेल्या वारंवारतेला जोरात डोलतो आणि तिथे कोनाला विश्रांती मिळते. त्याच्या खाली मात्र कोनामागची हवा पोर्टवाटे नुसती आतबाहेर करते, कोनाला काही आधार उरत नाही, आणि थोड्या आवाजातही तो मर्यादेबाहेर फेकला जातो. त्यातून होणारी टकटक हा दोष नाही, पण सतत झाली तर दोष तयार होतो.

स्वर धरून ठेवला की हात वापरा. आधी वर ठेवलेलं सगळं उतरवा: ॲम्प, ट्यूनर, पाण्याची बाटली, वायरींचं वेटोळं. ॲम्पही जमिनीवर ठेवून पाहा. व्हॉल्व्हवाल्या ॲम्पमध्ये काचेच्या नळ्या आपल्या खोबणीत किणकिणतात आणि ते खालच्या खोक्यातून आल्यासारखं वाटतं. मग हँडल तळहाताने दाबा. स्प्रिंगवाली घडीची हँडलं या बाबतीत फार बेभरवशाची. स्प्रिंग थकली की लोखंडी कडी आपल्या वाटीत नाचते. वाटीत फेल्टचा तुकडा चिकटवला की विषय संपतो. कोपऱ्यांचे पत्रे, चाकं, मागची जॅकची पट्टी, एकेक दाबून पाहा. दाबताच खडखड थांबली किंवा तिचा रंग बदलला तर तुम्ही जवळ पोचलात.

जाळीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते बास कॅबिनेटच्या निम्म्या तक्रारी तिथेच मिटाव्यात. लोखंडी पत्र्याची भोकांची जाळी पातळ, रुंद आणि कडांनाच धरलेली असते. कंप पावायला याहून सोयीचा आकार नाही. वाहतुकीत ती थोडी आत दबली की मध्यभागी फळीला किंवा स्पीकरच्या कडेला हलकेच टेकते, आणि मग दर कंपनाला एक टिचकी. जाळी पूर्ण काढा आणि तोच आकडा पुन्हा लावा. खडखड गेली तर जाळी परत तशीच बसवू नका. दाराच्या फटीला लावायची फोमची चिकटपट्टी तिच्या चारी कडांखाली द्या, आणि मध्यभागी जिथे ती टेकते तिथे फोमचा उंच तुकडा ठेवा, असा की जाळी त्यावर किंचित ताणून बसेल. ताणलेली जाळी वाजत नाही. आत वाकलेली असेल तर आधी पालथी घालून हाताने बाहेरच्या बाजूला हलका फुगवटा द्या. जाळीच्या चौकटीवर कापड असेल तर चौकटीचे सांधे पाहा. तिथला गोंद सुटलेला असतो.

जाळी काढल्यावर साधारण एक मीटर लांबीची रबरी नळी घ्या. एक टोक कानाशी, दुसरं कॅबिनेटच्या पृष्ठभागावरून बोटभर अंतराने फिरवा. खोलीभर पसरलेला आवाज नळीबाहेर राहतो आणि उगमाजवळ आल्यावर खरखर स्पष्ट मोठी होते. डॉक्टरचा जुना स्टेथोस्कोप असेल तर फळ्यांसाठी तो आणखी चांगला. आवाज आधी कमी करून मगच कान लावा.

फळीच वाजते आहे असा संशय आला तर एक देखणा प्रयोग आहे. अर्न्स्ट क्लाड्नी यांनी १७८७मध्ये धातूच्या पत्र्यावर वाळू टाकून कंपनांच्या आकृत्या दाखवल्या होत्या. कॅबिनेट आडवं करून सपाट, अखंड बाजू वर आणा, तिच्यावर कोरडा रवा पातळ भुरभुरा आणि लिहून ठेवलेला आकडा लावा. फळी पुरेशी हलत असेल तर रवा हलत्या भागातून निघून स्थिर रेषांवर गोळा होतो. मधोमध मोठा भाग साफ झाला तर आतला आडवा टेकू सुटला आहे किंवा मुळात नव्हताच. स्पीकर आणि पोर्ट असलेल्या बाजूवर हे करू नका, रवा आत जाईल.

फुसफुस आणि शिट्टी हे हवेच्या गळतीचे आवाज. बंद कॅबिनेटात एक कोन बोटांनी समान दाबून हलकेच आत ढकला. त्याच कप्प्यातले बाकीचे कोन बाहेर येतात. दाब तसाच ठेवल्यावर ते हळूहळू परतले तर ठीक. झटकन परतले तर कुठे तरी मोकळी वाट आहे. ती शोधायला उदबत्तीसारखं साधन नाही. ५० हर्ट्झच्या आसपासचा स्वर लावून पेटती उदबत्ती सांध्यांवरून, स्पीकरच्या कडेवरून, जॅकच्या पट्टीभोवती सावकाश फिरवा. गळतीपाशी धुराची सरळ रेघ थरथरून तुटते. निखारा कापडापासून आणि कोनापासून लांब ठेवा. जॅकची पट्टी आणि स्पीकरची कड यांच्याखालची गास्केट कडक होऊन चिरलेली असते. ती बदलली की काम होतं. पोर्टची फरफर मात्र वेगळी. हवा अरुंद नळीतून फार वेगाने जाते तेव्हा तिच्या धारेवर भोवरे होतात. नळीची कड घासून गोल करता आली तर ती कमी होते, नाहीतर आवाज उतरवणं हाच मार्ग.

इथवर काही सापडलं नाही तर स्पीकर उतरवून आत डोकावायचं. ॲम्प बंद, वायर काढलेली. उतरवण्याआधी कोणती वायर कोणत्या टोकाला आहे याचा मोबाइलवर फोटो घ्या, कारण चार स्पीकरांची जोडणी उलटसुलट झाली तर एक कोन बाहेर येताना दुसरा आत जातो आणि बास पातळ होते. आत काय काय सापडतं! पोर्टमधून पडलेले पिक, नाणी, आणि सगळ्यात फसवं म्हणजे स्पीकरच्या चुंबकाला चिकटलेला एखादा स्क्रू. खोकं हळूच उलटसुलट करून ऐकलं तर सुटं पडलेलं काही असल्यास कळतं. चुंबकाला धरलेलं मात्र पाहूनच कळतं. मग वायरी. लांब ठेवलेली वायर कोनाच्या मागच्या बाजूला टेकली की फरफर होते आणि ती हुबेहूब फाटक्या कोनासारखी ऐकू येते. वायरी भिंतीला बांधून घ्या. वरचे-खालचे स्वर वेगळे करणाऱ्या क्रॉसओव्हरच्या पट्टीवरच्या कॉइल आणि कपॅसिटर बोटाने हलवून पाहा. हलणाऱ्याच्या बुडाशी सिलिकॉनचा थेंब. आतलं कापसासारखं अस्तर सुटून पोर्टच्या तोंडाशी आलं असेल तर परत चिकटवा. वरच्या स्वरांसाठी हॉर्न असेल आणि त्याची शंका असेल तर मागची त्याची कळ शून्यावर आणा. तरीही खडखड तशीच राहिली तर हॉर्न बहुधा निर्दोष.

लाकडाबद्दल कोकणपट्टीतल्या आणि मुंबईतल्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावं. पावसाळ्यात प्लायवूड आणि एमडीएफ ओल धरून फुगतात, हिवाळ्यात आक्रसतात. दरवर्षीच्या या फुगण्या-आक्रसण्यात स्क्रूभोवतालचे लाकडाचे तंतू दबतात आणि स्क्रूची पकड जाते. त्यानंतर गणपतीपासून सुरू होणाऱ्या हंगामात कॅबिनेट टेम्पोत उभंआडवं हिंडतं. म्हणून हंगामाच्या आधी एकदा सगळे बाहेरचे स्क्रू तपासावेत. भोकच मोठं झालं असेल तर गूल काढलेल्या काड्यापेटीच्या काड्या फेविकॉलमध्ये बुडवून त्यात ठोका, रात्रभर वाळू द्या, आणि मग स्क्रू बसवा. जाड स्क्रू घालण्यापेक्षा हे बरं. फळ्यांचा सांधा उकलला असेल तर गोंद आत पोचवून शिकंज्यात दाबूनच वाळवायला हवा. वरून लावलेला गोंद दिसायला ठीक दिसतो आणि पहिल्याच कार्यक्रमात सुटतो.

शेवटी स्पीकर. चार-आठ स्पीकरांपैकी दोषी कोणता हे ठरवायची एकच निर्णायक चाचणी मला ठाऊक आहे: दोन स्पीकरांच्या जागा बदला. खडखड स्पीकरबरोबर गेली तर दोष त्याच्यात, जागेवरच राहिली तर दोष लाकडात. कोन हलतो म्हणजे स्पीकर चांगला, असं मात्र समजू नका. बंद खोक्यात कॉइल तुटलेला कोनही शेजाऱ्यांच्या हवेने हलत राहतो. त्याची तपासणी मल्टिमीटरने, वायर सोडवून करावी. आठ ओहमच्या स्पीकरची कॉइल साधारण साडेपाच ते सात ओहम दाखवते.

स्पीकरमधले काही दोष घरी सुटतात. मधली टोपी, म्हणजे डस्ट कॅप, कडेला सुटली असेल तर बोटाच्या टोकाने हलका स्पर्श करताच भणभण थांबते. कागदी कोनावर पातळ केलेला पांढरा गोंद काडीने त्या फटीत सोडला की पुरे. कोनाला वीज पोचवणाऱ्या विणलेल्या लवचीक तारा मोठ्या हालचालीत कोनावर फटके मारतात. त्यांचा बाक किंचित बदलता येतो, पण ताणायच्या नाहीत, नाहीतर तुटतात. कडेची घडी फोमची असेल तर दमट हवेत ती काही वर्षांत भुगा होते. कापडी घडी टिकते, आणि बास गिटारच्या स्पीकरांत बहुतेक तीच असते.

सगळ्यात वाईट दोष कॉइल घासण्याचा. चुंबकाच्या फटीत कॉइलच्या दोन्ही बाजूंना मिलिमीटरच्या काही दशांशांइतकीच मोकळी जागा असते. जास्त तापून कॉइलची नळी वाकली, पडल्याने चुंबक सरकलं, किंवा मागची नालीदार चकती सैल पडून कोन खाली झुकला, की कॉइल त्या फटीत घासते. दोन्ही हातांची बोटं टोपीभोवती समान ठेवून कोन हलकेच आत दाबा. बारीक करकर कानाला आणि बोटांना दोन्हीकडे कळते. एका बाजूने दाबलं तर चांगली कॉइलही घासते, तेव्हा घाई करून निकाल देऊ नका. आणि निकाल देण्याआधी स्पीकरचे स्क्रू सैल करून पुन्हा ऐका. पत्र्याची फ्रेम असमान आवळली की वाकते आणि कॉइल घासायला लागते. समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, हाताच्या बेताच्या जोराने आवळले की अशी करकर जाते. चकती झुकल्यामुळे घासत असेल तर स्पीकर १८० अंशांत फिरवून बसवल्यावर काही काळ निभतं.

या उपायांनी करकर गेली नाही तर त्या स्पीकरवर वाजवणं थांबवा. घासणाऱ्या कॉइलचं इन्सुलेशन खरवडलं जातं, वेढे एकमेकांना टेकतात, आणि मग ॲम्पचंही नुकसान होऊ शकतं. चुंबक आणि फ्रेम ठेवून कोन, कॉइल आणि चकती नवी बसवून देणारे कारागीर मोठ्या शहरांत आहेत. त्यांच्याकडून काम करून घेताना त्या मॉडेलचाच संच मागा. कोनाचं वजन आणि घडीची लवचीकता बदलली की त्या खोक्याशी जुळवलेला स्पीकर तो राहत नाही. तसा संच मिळत नसेल तर त्याच मॉडेलचा, त्याच ओहमचा नवा स्पीकर घ्या. तोही मिळत नसेल तर एक वेगळा स्पीकर तिघांच्या पंगतीत बसवण्यापेक्षा चारही बदलणं चांगलं.